अर्ज परत करताना चिठ्ठी लिहून द्या

"कागदपत्रं अपुरी आहेत" एवढंच सांगून अर्ज परत केला, की तोच माणूस त्याच कामासाठी तीनतीनदा खिडकीवर येतो. दर वेळी त्याचा अर्धा दिवस मोडतो आणि आपली रांगही वाढते.

अर्ज हातात आला की आधी पूर्ण तपासा. सगळ्या त्रुटी एकदमच सांगा. आज एक आणि पुढच्या खेपेला दुसरी, असं झालं की माणूस मनातून खचतो. मग पाठकोऱ्या कागदावर लिहा:

१. काय कमी आहे. "रहिवासाचा पुरावा" असं मोघम नको. "वीजबिल किंवा भाडेकरार, यांपैकी एक" असं लिहा.
२. ते कुठे मिळेल.
३. परत कधी यायचं, कोणत्या खिडकीवर.

खाली तारीख आणि आपली सही. पुढच्या वेळी तुमच्या जागी दुसरं कुणी बसलं असेल, तरी पुन्हा पहिल्यापासून विचारपूस होत नाही.

चिठ्ठी देताना "समजलं ना?" असं विचारू नका. संकोचापोटी बहुतेक जण मान डोलावतात. त्याऐवजी "आता तुम्ही काय काय आणणार, एकदा सांगा बरं" असं म्हणा. गफलत तिथल्या तिथे कळते. वाचता न येणाऱ्यांसाठी तर हे फारच गरजेचं. चिठ्ठी घरी कुणाकडून तरी वाचून घ्यायलाही त्यांना सांगा.

एक जपा: काम नक्की होईलच, असं चिठ्ठीत लिहू नका. निर्णय तुमच्या हातात नसेल, तर फक्त पुढची पायरी लिहा.