बफर हलला, पॉइंटर तिथेच राहिले

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये डेटा लोड करणारं एक्स्टेन्शन (जोड-कोड) लिहायला घेतलं तेव्हा सी मला बऱ्यापैकी येत होतं. पॅलॉक आणि पीफ्री (पोस्टग्रेसची मेमरी मागायची आणि सोडायची फंक्शनं), मेमरी कॉन्टेक्स्ट (एकदम मोकळा करता येणारा मेमरीच्या तुकड्यांचा गट) हे तुम्हालाही माहीत असेल, त्यामुळे त्यावर फार बोलत नाही. फक्त पार्सरमध्ये, म्हणजे ओळ वाचून फील्ड पाडणाऱ्या कोडमध्ये, सीचा मॅलॉक थेट वापरू नका. एखादी तारीख चुकीची निघाली की एरर फेकला जातो आणि लाँगजम्प (फंक्शनमधून थेट बाहेर मारलेली उडी) मेमरी सोडणाऱ्या तुमच्या फ्रीला ओलांडून निघून जातो. दर ओळीसाठी एक कॉन्टेक्स्ट ठेवा आणि ओळ संपली की तो रिसेट करा. प्रत्येक तुकडा मोजून पीफ्री करत बसायची गरज नाही. गळतीची बरीचशी भीती इथेच जाते.

मी अडकले ते बफरमध्ये.

ओळ वाचायची, एस्केप (खास अक्षरांसाठीच्या बॅकस्लॅशच्या खुणा) काढून स्वच्छ मजकूर एका स्ट्रिंगइन्फोत, म्हणजे पोस्टग्रेसच्या आपोआप वाढणाऱ्या बफरमध्ये, जोडत जायचं आणि प्रत्येक फील्ड जिथून सुरू होतं तिथला पॉइंटर (मेमरीतला पत्ता) अ‍ॅरेत ठेवायचा, अशी माझी रचना होती. बफर एकच, दर ओळीला तो रिकामा करून पुन्हा वापरायचा. सगळ्या टेस्ट पास झाल्या. मग मोठ्या फाइलमध्ये एका ओळीचे पहिले तीन कॉलम बिघडले. त्याच ओळीतले पुढचे कॉलम बरोबर होते आणि आधीच्या-नंतरच्या ओळीही बरोबर होत्या. तीच ओळ वेगळी काढून लोड केली तर बिनतक्रार गेली. मी कितीतरी दिवस फाइलचं एन्कोडिंग तपासत बसले.

झालं होतं ते असं. स्ट्रिंगइन्फो 1024 बाइटपासून सुरू होतो. मजकूर मावेनासा झाला की रीपॅलॉक (मागितलेल्या जागेचा आकार बदलणारं फंक्शन) होऊन जागा दुप्पट होते, आणि ही दुप्पट जागा दुसरीकडे असू शकते. स्ट्रिंगइन्फोला स्वतःचा नवा पत्ता कळतो, पण माझ्या अ‍ॅरेतल्या पहिल्या तीन पॉइंटरना तो कोण सांगणार? ते सोडून दिलेल्या जागेकडेच बघत राहिले. चौथं फील्ड बफर वाढल्यानंतर सुरू झालं, म्हणून ते बरोबर. पुढच्या लांब ओळी आल्या तेव्हा बफर आधीच मोठा झालेला होता, म्हणून त्याही बरोबर. आणि एकटी ओळ का गेली? सोडलेली जागा लगेच पुसली जात नाही. दुसऱ्या कुणी ती मागून घेईपर्यंत जुना मजकूर बहुतेक तसाच असतो. ती जागा कुणी घ्यायच्या आतच माझं वाचून झालं होतं.

हे पुन्हा वाचा, घाई करू नका. चुकीचा पॉइंटर बरोबर उत्तर देऊ शकतो, आणि म्हणूनच चालणाऱ्या कोडवर इथे विश्वास टाकता येत नाही.

फाइलमधून डेटा लोड करणाऱ्या पोस्टग्रेसच्या कॉपी कमांडचा पार्सर उघडून बघा. एस्केप काढलेला मजकूर मूळ ओळीपेक्षा लांब होऊच शकत नाही, म्हणून तिथे फील्ड पाडायला सुरुवात करण्याआधीच बफर ओळीएवढा मोठा करून घेतात, आणि मध्येच वाढवला तर साठवलेले पॉइंटर निकामी होतील हे कारण कॉमेंटमध्ये लिहून ठेवलंय. ती कॉमेंट मी आधी वाचली असती तर! तुमच्याकडे मजकूर वाढू शकत असेल, समजा एन्कोडिंग बदलताना, तर पॉइंटरऐवजी सुरुवातीपासूनचं अंतर साठवा आणि पूर्ण ओळ झाल्यावर त्याचे पॉइंटर करा. प्रत्येक फील्डची पीस्ट्रडपने वेगळी प्रत काढणंही बरोबरच आहे. थोडं हळू चालेल, पण पहिल्या आवृत्तीत त्याची लाज बाळगू नका.

मला मात्र वेगळा सल्ला मिळाला होता: ‘सगळं टॉप मेमरी कॉन्टेक्स्टमध्ये (सेशनभर टिकणाऱ्या सगळ्यात वरच्या कॉन्टेक्स्टमध्ये) टाक, क्रॅश जाईल.’ असा सल्ला देणाऱ्यापासून लांब राहा, तो कितीही अनुभवी असो. रीपॅलॉक तिथेही जागा हलवतोच, आणि वर सेशन संपेपर्यंत मेमरी साचत जाते. माझी गाठ शेवटी सुटली ती एका सहकारी बाईंच्या साध्या प्रश्नाने: ‘हा तुकडा कुणाचा, आणि कधीपर्यंत?’ कोड न बघताच त्यांनी विचारलं होतं. मार्गदर्शक निवडायची संधी मिळाली तर असं विचारणारा निवडा.

आणि हो, असर्ट (कोडमधल्या अंतर्गत तपासण्या) चालू ठेवून पोस्टग्रेस बिल्ड करा. त्या बिल्डमध्ये सोडलेल्या जागेवर 0x7F हा ठरावीक बाइट भरला जातो, त्यामुळे माझ्यासारखी चूक पहिल्याच फेरीत उघडी पडते. सी शिकून वर्ष झालेलं माणूसही ती पकडू शकतं, म्हणून घाबरू नका. पण टेस्टची फाइल नीट बनवा: आधी काही छोट्या ओळी, मग 1,023 बाइटच्या पुढे जाणारी एक ओळ, आणि ती हद्द मधल्या एखाद्या कॉलममध्ये ओलांडली गेली पाहिजे. पहिल्याच कॉलममध्ये ओलांडलीत तर बिघडायला मागे फक्त एकच पॉइंटर उरतो, आणि नेमका तो कॉलम तुमची टेस्ट तपासत नसेल तर पुन्हा सगळं हिरवंच दिसेल.