छोट्या शिडाच्या बोटीला पुढचे शीड किती मोठे घ्यावे?

पुढच्या शिडाचा आकार टक्क्यांत सांगतात: शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्यापासून पुढच्या कडेपर्यंतचे काटकोनातले अंतर 3.24 मीटर आणि डोलकाठीपासून नाळेवरच्या तारेपर्यंतचे (बोटीच्या पुढच्या टोकापासून डोलकाठीला वर बांधलेली, जिच्यावर हे शीड चढवतात ती तार) डेकवरचे अंतर 2.4 मीटर असेल, तर ते 135 टक्क्यांचे जेनोआ, म्हणजे डोलकाठीच्या मागेपर्यंत येणारे मोठे पुढचे शीड होय. मुंबई बंदरात हिवाळ्यात सकाळचे मतलई वारे मंद असले, तरी दुपारी वायव्येचे खारे वारे जोर धरतात. म्हणून गुंडाळता येणारे एकच शीड घ्यायचे असल्यास 150 टक्क्यांच्या मोहात पडू नये, कारण निम्मे गुंडाळलेले मोठे शीड फुगीर होते आणि बोट वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने नीट चढत नाही. माझ्या मते 120 ते 135 पुरे. जुने शीड घेताना मात्र पुढच्या कडेची लांबी आधी मोजावी. ती तारेहून जास्त निघाल्यास शीड ताणताच येत नाही.