कंपवाताच्या गोळीभोवती दिवस कसा बांधायचा

बाबा एसटीत कंडक्टर होते. बत्तीस वर्षं चालत्या गाडीत तोल सांभाळत तिकिटं फाडली. त्यांचा उजवा अंगठा आणि तर्जनी बसल्या जागी हलू लागली तेव्हा आम्हाला वाटलं, जुनी सवय असेल. सुटे पैसे मोजावेत तशीच हालचाल होती ती. न्यूरोलॉजिस्टनी चालवून पाहिलं, बोटांची उघडझाप करायला लावली आणि कंपवात म्हणजे पार्किन्सन्स सांगितला. चालताना त्यांचा उजवा हात हलतच नव्हता, हे घरात कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

सहा वर्षं मी त्यांचं बघते आहे. एवढ्या काळात कळलेली मुख्य गोष्ट ही, की या आजारात घर गोळीच्या घड्याळावर चालवावं लागतं.

मेंदूच्या तळाशी, खोलवर काळसर पेशींची एक पट्टी असते. त्या डोपामिन नावाचं रसायन बनवतात. उठायचं, पाऊल टाकायचं, घास उचलायचा, या हालचाली आपसूक व्हायला ते लागतं. लक्षणं दिसू लागतात तोवर यातल्या बऱ्याच पेशी गेलेल्या असतात. बाहेरून डोपामिन द्यावं, तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. म्हणून लेव्होडोपा देतात. ते आत जातं आणि तिथे त्याचं डोपामिन होतं. गोळीत सोबत बहुधा कार्बिडोपा असतं. लेव्होडोपाचं रूपांतर वाटेतच होऊ नये आणि मळमळ कमी व्हावी, हे त्याचं काम. हे औषध सापडण्यात आपल्या सर्पगंधेचाही वाटा आहे. 1957 साली स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सर्पगंधेतलं रिसर्पीन देऊन ससे निश्चल केले आणि लेव्होडोपा देऊन पुन्हा हलते केले. त्यांना 2000 साली नोबेल मिळालं.

आता जेवणाचं. सुरुवातीला मी बाबांना गोळी कपभर दुधाबरोबर द्यायचे, पोटाला बरं म्हणून. तासाभरानेही ते खुर्चीतून उठू शकत नसत. प्रथिनं पचून जी अमिनो आम्लं होतात, ती आणि लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत एकाच दारातून जातात. गर्दी झाली की गोळी मागे राहते. म्हणून गोळी पाण्याबरोबर, जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी. आमच्याकडे सकाळी सातला गोळी, पावणेआठला पोहे. दुपारी बाराला गोळी, पाऊण वाजता भाकरी आणि पालेभाजी. वरण, पिठलं, अंडं, दही रात्रीच्या जेवणात. प्रथिनं तोडायची मात्र नाहीत, माणूस खंगतो. मळमळ होत असेल तर गोळीबरोबर चतकोर भाकरी चालते.

एक वही करा. गोळीची वेळ, काय खाल्लं, अंग कधी मोकळं झालं, कधी आखडलं. दवाखान्यात ‘बरं आहे’ म्हणण्यापेक्षा ही वही पुढे ठेवा. आमच्या वहीत रोज साडेदहानंतर ‘आखडले’ दिसलं, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्यांमधलं अंतर कमी केलं. आपल्या मनाने गोळी वाढवू नका, आणि एकदम बंद तर कधीच करू नका, त्यात जिवाला धोका असतो. खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा असतं हे खरं आहे, पण चूर्णातून नेमकं किती पोटात जातं हे कळत नाही. डॉक्टरांना न सांगता ते गोळीवर चढवू नका.

उंबरठ्याशी पाय जमिनीला चिकटतात. तेव्हा हात धरून ओढू नका, माणूस पुढे कोसळतो. मी उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे पिवळ्या टेपच्या आडव्या पट्ट्या लावल्या आहेत, एकेका पावलाच्या अंतरावर. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल उचललं जातं, कारण आपसूक चालण्याची वाट बंद असली तरी ठरवून पाऊल टाकण्याची वाट मेंदूत शिल्लक असते. पट्टी नसेल तिथे मी ‘एक, दोन’ म्हणते. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा फेर घ्यायला सांगा.

मनाकडेही बघा. बाबांनी पेपर वाचणं सोडलं, नातू आला तरी चेहरा कोराच. मी रागावले होते त्यांच्यावर, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. चेहऱ्याचे स्नायूही आखडतात, आणि एखादी गोष्ट करावीशी वाटण्यामागेही डोपामिन असतं. मनःस्थितीशी संबंध असलेली सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनालिन ही मेंदूतली रसायनंही घटतात. उदासी या आजाराचाच भाग आहे, तिच्यावर उपचार होतात. काही गोळ्यांनी, विशेषतः प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोलने, जुगाराचा किंवा खरेदीचा अनावर ओढा लागू शकतो. असं काही दिसलं तर संकोच न करता डॉक्टरांना सांगा.

हॉस्पिटलात भरती व्हायची वेळ आली तर जास्त सावध राहा. हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी एका ठिकाणी बाबांची गोळी वॉर्डच्या वेळेनुसार, तीन तास उशिरा मिळाली. ते लाकडासारखे झाले, पाणीही गिळता येईना. वर उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड दिलं, जे मेंदूतल्या डोपामिनलाच अडवतं. भ्रम किंवा बेचैनी झाली की देतात ते हॅलोपेरिडॉलही तसंच. तेव्हापासून बाबांच्या खिशात एक कार्ड असतं, जाड मार्करने लिहिलेलं: कंपवात आहे, गोळ्या 7, 10, 12, 3, 6, 9 वाजता, ही दोन औषधं देऊ नयेत. अक्षर मी काढलं. त्यांचं आता मुंगीएवढं येतं.