नवीन गिटार घेण्याआधी पेचकस घ्या

"आवाज आवडत नाही, इलेक्ट्रिक गिटार बदलू का?" असं विचारणाऱ्याला मी आधी ॲम्पकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीकडे पाठवतो. गेन, म्हणजे आवाज फाडणारं बटण, निम्म्यावर आण, मग बोल. गिटारींमधला खरा फरक पिकअपचा, म्हणजे तारांखाली बसवलेल्या, त्यांची थरथर पकडणाऱ्या चुंबक-कॉइलचा. स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) गिटारचा एका कॉइलचा पिकअप, सिंगल कॉइल, टणटणीत, पण ट्यूबलाइटजवळ गुणगुणतो. लेस पॉल गिटारच्या हंबकर पिकअपमधले दोन कॉइल ती गुणगुण मारतात, आवाजही जाड होतो. गिटारच्या लाकडाने आवाज बदलतो का, हे वाद चहासोबत घालावेत.

माझी स्ट्रॅट वर्षभर वरच्या फ्रेट्सवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) बेसूर वाजायची. पिकअप इतका वर आलेला, की चुंबक तारच ओढत होतं. दोन्ही बाजूंचे स्क्रू दोन-दोन फेरे सैल केले. सहावी, सर्वांत जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबून तार आणि पिकअपमध्ये साधारण २.५ मिमी फट ठेवली. बेसूरपणा गेला! खर्च शून्य. तारा मात्र नव्या घाला, गंजक्या तारांवर कुठलीही गिटार मेलेलीच वाजते.