गुदाशयाच्या गाठीतली जनुकीय विविधता तपासताना या चुका टाळा

गुदाशयाच्या कर्करोगात एकाच गाठीतल्या पेशी जनुकीयदृष्ट्या सारख्या नसतात. एपीसी, टीपी५३ या जनुकांतले बदल बहुधा लवकर होतात आणि गाठभर सापडतात. नंतरचे काही बदल एखाद्याच कोपऱ्यातल्या क्लोनमध्ये (एकाच पेशीपासून वाढलेल्या गटात) राहतात. ही विविधता खरी आहे. पण नव्या मुलांच्या अहवालांत मला जी दिसते, तिच्यातली बरीचशी नमुना हाताळताना तयार झालेली असते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे स्लाइड न पाहता ब्लॉकमधून (मेणात बसवलेल्या ऊतकातून) डीएनए काढणं. गुदाशयाच्या गाठी पुढच्या टप्प्यात असल्या की शस्त्रक्रियेआधी बहुधा रेडिएशन आणि केमो दिलेली असते. उपचार लागू पडला की गाठीच्या जागी तंतुमय चट्टा उरतो आणि त्यात कर्कपेशींचे तुरळक पुंजके. अशाच एका रुग्णाचा शस्त्रक्रियेनंतरचा ब्लॉक एका प्रयोगशाळेत गेला होता. यकृतात गाठी आल्या होत्या आणि सेटुक्सिमॅब हे औषध द्यायचं की नाही, हे के-रास जनुकात म्युटेशन (बदल) आहे का, यावर ठरणार होतं. अहवाल आला, म्युटेशन नाही. प्रकरण दुसऱ्या मतासाठी आलं तेव्हा मी आधी एच अँड ई (नेहमीच्या रंगांनी रंगवलेली) स्लाइड मागितली. जवळपास सगळा चट्टाच. म्हणजे तपासलं गेलं होतं ते रुग्णाच्या निरोगी पेशींमधलं के-रास. उपचारांपूर्वीची बायोप्सी शोधून काढायला लावली, तर तिच्यात बाराव्या कोडॉनमधलं (जनुकातल्या तीन अक्षरांच्या बाराव्या गटातलं) म्युटेशन स्पष्ट होतं. ते औषध त्याच्या उपयोगाचं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, दोन अहवाल शेजारी ठेवून ‘उपचारानंतर क्लोन बदलला’ असा निष्कर्षही कुणीतरी काढला होता.

माझी सवय साधी आहे. पॅथॉलॉजिस्टने स्लाइडवर पेनाने गोल केल्याशिवाय मी ब्लॉकला हात लावू देत नाही. तेवढाच भाग खरवडायचा आणि कर्कपेशींचं प्रमाण डीएनए काढण्याआधी रजिस्टरमध्ये लिहायचं. यात वेळ जातो. जाऊ द्या.

दुसरी चूक त्याच आकड्याशी जोडलेली आहे. म्युटेशनची वारंवारता (वाचलेल्या डीएनए-प्रतींपैकी बदललेल्यांचा वाटा) १५ टक्के आली की लगेच ‘हे १५ टक्के पेशींतच आहे, म्हणजे उपक्लोन’ (गाठीतल्या काही पेशींचाच गट) असं लिहिलं जातं. नमुन्यात कर्कपेशी ३० टक्के असतील, जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बदललेली असेल, तर प्रत्येक कर्कपेशीत असलेलं म्युटेशनही १५ टक्केच दिसतं. तेवढ्याच कर्कपेशी असताना निरोगी प्रत जाऊन बदललेली दुप्पट झाली असेल, तर तोच आकडा ३० होतो. पेशींचं प्रमाण आणि प्रतींची संख्या हिशेबात घेतल्याशिवाय ‘उपक्लोन’ हा शब्द मी अहवालात राहू देत नाही. सॉफ्टवेअरने छापलं हे कारण मला पटत नाही.

एमएमआर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या) प्रथिनांची तपासणी पहिल्या बायोप्सीवरच करा. केमो-रेडिएशननंतर त्यांतल्या एमएसएच६चं रंजन फिकं पडू शकतं, आणि मग लिंच सिंड्रोमच्या (कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाच्या) शंकेने अख्खं कुटुंब विनाकारण घाबरतं. उशीर करू नये, याला आणखी मोठं कारण आहे. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगने एमएमआर-दोष असलेल्या गुदाशयाच्या गाठींवर आधी डोस्टारलिमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं, तेव्हा उपचार पूर्ण केलेल्या पहिल्या १२ही रुग्णांची गाठ तपासणीत दिसेनाशी झाली; रेडिएशनही लागलं नाही, शस्त्रक्रियाही. असे रुग्ण थोडे असतात, पण रेडिएशन होऊन गेल्यावर हे कळून त्यांना काय फायदा?

ऊतक टिकवणाऱ्या फॉर्मलिनमुळे डीएनएत सी या अक्षराच्या जागी टी दिसतो. अगदी कमी वारंवारतेचे असे बदल पुन्हा डीएनए काढून तपासल्याशिवाय मोजू नका.

तुलनेसाठी रुग्णाचं रक्त घ्याच, नाहीतर जन्मजात फरकही गाठीचे म्हणून मोजले जातात.

रक्तात गाठीचा डीएनए सापडला नाही, एवढ्यावरून म्युटेशन नाही असं म्हणता येत नाही.

आणि एंडोस्कोपी करणाऱ्यांना एक विनंती. व्रणाच्या मध्यातून मृत ऊतक येतं, म्हणून तुकडे कडेचे घ्या, एकापेक्षा जास्त ठिकाणचे घ्या. विविधतेचा अभ्यास असेल तर प्रत्येक तुकडा वेगळ्या बाटलीत, घड्याळाच्या तबकडीवर असावी तशी जागा लिहून. सगळे एकाच बाटलीत आले की कोणता क्लोन कुठला, हे नंतर कुठल्याही सिक्वेन्सिंगने सांगता येत नाही. शिवाय हे तुकडे वरच्या थराचेच असतात. भिंतीत खोल शिरलेला भाग त्यांत क्वचितच येतो, हे अहवालात लिहा.