रास्पबेरी पायच्या पिना स्क्रिप्टमधून कशा चालवाव्यात

रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डाच्या कडेला असलेल्या ४० पिनांपैकी १२ पिना वीजपुरवठा आणि ग्राउंडसाठी राखून ठेवलेल्या असतात. स्क्रिप्टमधून चालतात त्या बाकीच्या. वायर जोडण्याआधी क्रमांकांचा घोळ मिटवावा. बोर्डवर अकराव्या जागी असलेली पिन चिपच्या लेखी जीपीआयओ (म्हणजे सर्वसाधारण इनपुट-आउटपुट पिन) १७ असते, आणि जीपीआयओझीरो ही पायथनची लायब्ररी चिपचाच क्रमांक धरते. टर्मिनलमध्ये ‘पिनआउट’ ही कमांड दिली की हातातल्या बोर्डाचा नकाशा दिसतो. कुठल्यातरी जुन्या आकृतीपेक्षा त्यावर विसंबावे.

जोडणी बोर्ड बंद ठेवूनच करावी. एलईडीचा लांब पाय ३३० ओहमच्या रेझिस्टरमार्फत अकराव्या पिनला आणि आखूड पाय नवव्या, म्हणजे ग्राउंडच्या, पिनला जोडावा. लाल एलईडी सुमारे २ व्होल्ट घेते, त्यामुळे ३.३ पैकी उरलेल्या १.३ व्होल्टला ३३० ने भागले की प्रवाह सुमारे ४ मिलिअँपिअर येतो, जो पिनला सहज पेलतो.

स्क्रिप्टमध्ये एलईडी हा क्लास इम्पोर्ट करून त्याला १७ हा आकडा द्यावा, ‘ब्लिंक’ ही मेथड कॉल करावी आणि शेवटी सिग्नल मॉड्यूलमधले ‘पॉज’ लिहावे. ते राहून गेले तर, ब्लिंक वेगळ्या थ्रेडमध्ये चालत असल्यामुळे, स्क्रिप्ट तत्काळ संपते, लायब्ररी पिन मोकळी करते आणि दिवा विझतो. नवखा माणूस मग उगाच वायरी तपासत बसतो.

बटणाचे एक टोक तेराव्या पिनला, म्हणजे जीपीआयओ २७ ला, आणि दुसरे चौदाव्या पिनवरील ग्राउंडला जोडावे. बटण क्लास आतला पुल-अप रेझिस्टर (बटण दाबलेले नसताना पिन ३.३ व्होल्टवर धरून ठेवणारा) आपोआप चालू करतो, म्हणून बाहेरून वेगळा लावावा लागत नाही. एकदा दाबूनही दोनतीन दाब नोंदले जात असतील तर ‘बाउन्स टाइम’, म्हणजे एका दाबानंतरचे बदल दुर्लक्षित करण्याचा वेळ, ०.०५ सेकंद ठेवून पाहावा.

इनपुट पिनला ५ व्होल्ट कधीही देऊ नयेत, ती ३.३ व्होल्टसाठीच बनलेली असते. सेन्सर ५ व्होल्टचा असेल तर १ आणि २ किलोओहमच्या दोन रेझिस्टरांचा व्होल्टेज डिव्हायडर (व्होल्टेज विभागून कमी करणारी जोडणी) लावावा. मोटर पिनवरून थेट चालवण्याचा मोह टाळून मध्ये ट्रान्झिस्टर घालावा व मोटरच्या दोन टोकांवर उलट दिशेने डायोड लावावा.

आरपीआय डॉट जीपीआयओ ही पायथन लायब्ररी वापरणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट रास्पबेरी पाय ५ या मॉडेलवर चालत नाहीत, कारण तिथे पिनांचा ताबा आरपी१ या वेगळ्या चिपकडे गेला आहे. शेल स्क्रिप्टसाठी (टर्मिनलच्या कमांडची स्क्रिप्ट) ‘पिनसीटीआरएल’ हे साधन सोयीचे वाटते, पण ते मुळात तपासणीचे हत्यार असून, दुसरा प्रोग्राम तीच पिन वापरत असला तरी तिची स्थिती बेधडक बदलते. रोजच्या कामासाठी लिबजीपीआयओडी या लिनक्सच्या लायब्ररीसोबत येणारी ‘जीपीआयओसेट’ ही कमांड वापरावी.