‘ओके’, ‘बघते’, ‘फोन कर’: साहेबांना आणि साहेबांनी मेसेज करताना या चुका टाळा

नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. साहेबांचा मेसेज आला, ‘अहवाल आज मिळेल का?’ मी उत्तर दिलं, ‘बघते.’ हातातलं बाजूला ठेवून आधी हेच बघते, असं मला म्हणायचं होतं. संध्याकाळी अहवाल घेऊन गेले तर साहेब म्हणाले, ‘जमणार नव्हतं तर तसं सांगायचं होतं, मी दुसऱ्या कुणाला तरी बसवलं यावर.’ त्यांनी ‘बघते’ वाचलं ते ‘बघू, जमलं तर’ असं. एका माणसाचा अख्खा दिवस फुकट गेला, आणि त्यात त्यांची चूक काहीच नव्हती.

बोलताना हेच ‘बघते’ आवाजामुळे सावरलं गेलं असतं. मेसेजला आवाज नसतो, आणि वाचणारा तो स्वतःच्या मनातून पुरवतो. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एपली या मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. आपण गंभीरपणे लिहिलंय की उपरोधाने, हे ई-मेल वाचणाऱ्याला साधारण ७८ टक्के वेळा कळेल, असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते कळलं सुमारे ५६ टक्के वेळा. नाणं उडवून सांगितलं असतं तरी फार वेगळं काही झालं नसतं. त्यात एक जण वरिष्ठ आणि दुसरा हाताखालचा असला की अंदाज आणखी चुकतो. वरिष्ठांचा कोरडा शब्द रागाचा वाटतो, कनिष्ठाचा कोरडा शब्द उद्धट वाटतो.

एका शब्दात उत्तर

‘ओके’, ‘हं’, ‘ठीक’. यात मेसेज पोचला एवढंच कळतं. काम होणार का, कधी होणार, हे कळत नाही. ‘मिळालं, चारपर्यंत पाठवते’ लिहायला काही सेकंद जास्त लागतात, पण साहेबांना पुन्हा विचारावं लागत नाही. वेळ सांगता येत नसेल तर तेही लिहावं: ‘आकडे यायचे आहेत, दुपारी नक्की वेळ कळवते.’

अंगठ्याच्या चिन्हाचंही तसंच. कॅनडातल्या सस्कॅचवन प्रांतात एका शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो मेसेजवर आला, खाली ‘करार मान्य असल्याचं कळवा’ अशा अर्थाची ओळ. त्याने नुसता अंगठा पाठवला. पुढे त्याचं म्हणणं होतं, अंगठा म्हणजे मेसेज मिळाला, एवढंच. २०२३ साली न्यायालयाने तो अंगठा होकार धरला आणि त्याला ८२ हजार डॉलरहून अधिक भरपाई द्यायला सांगितली. ‘शनिवारी येणार ना?’ या प्रश्नाला अंगठा दाखवण्याआधी हे आठवावं.

हाक मारून गप्प बसणं

‘सर’. मग काहीच नाही. पाच मिनिटांनी ‘एक विचारायचं होतं’. पुन्हा शांतता. लिहिणाऱ्याला ही अदब वाटते, थेट कामाचं कसं बोलायचं म्हणून. पण समोरचा मीटिंगमध्ये असतो, फोन वाजतो, उघडून बघावं तर फक्त ‘सर’. हाक, विषय आणि प्रश्न एकाच मेसेजमध्ये येऊ द्या: ‘सर, नमस्कार. गुरुवारच्या सादरीकरणात जुने आकडे ठेवायचे की नवे? उद्या सकाळपर्यंत सांगितलंत तरी चालेल.’ शेवटचं वाक्य विसरू नका. घाई नाही हे कळलं की माणूस निवांत उत्तर देतो.

वरिष्ठांकडून होणारी हीच चूक मला जास्त गंभीर वाटते. ‘फोन कर.’ ‘जरा ये.’ ‘बोलायचं आहे.’ पाठवणाऱ्याच्या मनात कदाचित रजेच्या यादीबद्दलचा साधा प्रश्न असतो. वाचणारा मात्र जिना चढेपर्यंत गेल्या महिनाभरातल्या सगळ्या चुका आठवून मोकळा होतो. मी टीम सांभाळू लागले तेव्हा मीही असंच लिहीत असे. एक दिवस टीममधली एक मुलगी समोर येऊन उभी राहिली, तिचे हात थरथरत होते, आणि मला तिला फक्त एका फाइलचं नाव विचारायचं होतं. तेव्हापासून मी विषय लिहिल्याशिवाय कुणाला बोलावत नाही. ‘वेळ मिळाला की ये, नव्या वेळापत्रकाबद्दल बोलू’ यात सगळं येतं. विषय खरोखर अवघड असेल तर तेही आडून सांगू नये: ‘कालच्या चुकीबद्दल बोलायचं आहे, ती पुन्हा कशी टाळायची ते ठरवू.’

‘ना’, ‘की’ आणि ‘च’

मराठीत सूर बिघडवायला शिवी लागत नाही, एक अक्षर पुरतं. ‘पाठवलंय’ ही माहिती आहे. ‘पाठवलंय ना’ म्हणजे तुम्ही बघितलं नाहीत. ‘पाठवलंय की’ म्हणजे पुन्हा काय विचारता. ‘मी तेच म्हणत होते’ यातला ‘च’ समोरच्याला खोटं पाडतो. बोलताना हीच अक्षरं हसत म्हटली तर लाडिकही वाटतात, लिहिली की टोचतात. त्याऐवजी सरळ: ‘सोमवारी पाठवलं होतं, शोधावं लागू नये म्हणून पुन्हा जोडते.’

आज्ञार्थाचं तेच. ‘सही करून पाठवा’ व्याकरणाने आदरार्थीच आहे, तरी वरिष्ठांना लिहिताना हुकूम वाटतो. ‘सही करून पाठवाल का?’ पुरेसं आहे. त्यापुढे ‘कृपया’, ‘विनंती’, ‘आपला नम्र’ यांची रांग लावली की रोजचा मेसेज अर्जासारखा दिसतो. तू की तुम्ही, हे समोरासमोर जसं असेल तसंच मेसेजमध्ये ठेवा. मात्र वरिष्ठ ग्रुपवर सर्वांना तुम्ही म्हणत असतील आणि एकालाच तू, तर त्या एकाला ते लागतं.

‘परवा’ म्हणजे कधी?

‘परवाच्या मीटिंगचे कागद आणा.’ झालेल्या की होणाऱ्या? आपला ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही. क्रियापद सोबत असेल तर अर्थ कळतो, नसेल तर गोंधळ. तारीख आणि वार लिहा. रोमन अक्षरांत मराठी लिहिणाऱ्यांनी आकड्यांची खास काळजी घ्यावी, कारण तिथे सात आणि साठ एकाच स्पेलिंगमध्ये सापडतात. आकडा अंकात लिहिला की प्रश्न मिटतो.

रात्री अकराचा मेसेज

‘सकाळी बघितलं तरी चालेल’ असं वरिष्ठ मनातल्या मनात म्हणतात, लिहीत नाहीत. समोरचा रात्रीच लॅपटॉप उघडतो. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून मोकळं राहण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे, पोर्तुगालने २०२१ साली असा कायदा केला, ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून तो लागू होऊ लागला. कायद्यापर्यंत जायचीही गरज नाही. जीमेल, स्लॅक, टीम्स या सगळ्यांत मेसेज आत्ता लिहून सकाळी पाठवायची सोय आहे. कनिष्ठांनीही रात्री सुचलेलं रात्रीच पाठवू नये. तातडीचं असेल तर मेसेज करून वाट बघत बसण्यापेक्षा फोन करावा.

मेसेजवर नकोच अशा गोष्टी

पगाराची तक्रार, राजीनामा, कुणाच्या कामातली चूक ग्रुपवर दाखवणं. पहिल्या दोन समोर बसून बोला आणि मग लेखी द्या, तिसरी एकट्याला सांगा. आजारपणाचा मेसेज चालतो, पण ‘उद्या येणार नाही’ एवढ्यावर थांबू नका. हातातलं काम कुणाकडे दिलंय ते जोडलं की रजा मागणाऱ्याबद्दल कुणाच्या मनात किंतु राहत नाही.

मेसेज तर गेला, आता काय?

व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो. तो बदलल्याची खूण दिसते, पण शब्द चुकला असेल तर त्यात वावगं काही नाही. सगळ्यांसाठी डिलीट करणं मी टाळते, कारण मेसेज काढल्याची नोंद मागे राहते आणि काय होतं ते, हा प्रश्न मूळ चुकीपेक्षा मोठा होतो. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायला सेटिंगमध्ये जास्तीत जास्त ३० सेकंद ठेवता येतात. आजच ठेवा.

सूर चुकला असेल तर खुलाशाचे लांबलचक मेसेज एकावर एक पाठवू नका. प्रत्येक नवा मेसेज पुन्हा बिनआवाजाचाच असतो. ‘सर, मघाचं माझं उत्तर तुटक गेलं, तसं म्हणायचं नव्हतं. दोन मिनिटं फोन करू का?’ एवढं लिहा आणि फोन लावा.